एचआयव्ही एकटा येतो की सोबती घेऊन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एका सरकारी हॉस्पिटलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून बसतोय. सुरक्षा क्लिनिक म्हणजे ज्याला आधी लोक दबक्या आवाजात गुप्तरोगाचा दवाखाना म्हणायचे तेच. समोर बसलेली माणसं तेच तेच प्रश्न विचारतात आणि आता एचआयव्ही एकट्याने एड्स होतच नाही असं सांगणारे व्हॉट्सॅपवरचे व्हिडिओ बघून त्यात नवीन भर पडलीये, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतो.

प्र. हे कोफॅक्टर कोफॅक्टर म्हणतात ते नेमकं काय असतं?

सोबती. म्हणजे मुख्य जंतूच्या जोडीला असलेली दुसरी गोष्ट. पण इथेच सगळा घोळ आहे, कारण हा एकच शब्द लोक दोन वेगळ्या अर्थांनी वापरतात. पहिला अर्थ असा की एचआयव्ही एकट्याने एड्स होतच नाही, आणखी कुठला तरी जंतू लागतोच. दुसरा अर्थ असा की एड्स एचआयव्हीनेच होतो पण दुसरे जंतू अंगात असतील तर एचआयव्ही लवकर लागतो किंवा लागल्यावर आजार वेगाने वाढतो. पहिला दावा तपासून झाला आणि तो पडला. दुसरा बऱ्याच अंशी खरा आहे. बहुतेक व्हिडिओ काय करतात तर दुसऱ्याचे पुरावे दाखवतात आणि पहिला सिद्ध झाला म्हणून सांगतात.

प्र. पण सुरुवातीला शास्त्रज्ञांनाच दुसऱ्या जंतूंचा संशय होता ना?

होता, आणि तो वेडेपणा नव्हता. जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुण समलिंगी पुरुषांची पहिली नोंद छापून आली, पाचही जणांना न्युमोसिस्टिसचा न्यूमोनिया होता जो धडधाकट माणसाला सहसा होत नाही. आता गंमत बघा, त्या पाचही जणांत सायटोमेगॅलो नावाचा दुसरा एक व्हायरसही सापडला होता. मग कुणालाही वाटणारच की हाच तो. कुणी म्हणालं पॉपर्स नावाचं हुंगायचं रसायन, कुणी म्हणालं वारंवार गुप्तरोग होऊन प्रतिकारशक्ती दमली, १९८३ मध्ये तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा, म्हणजे डुकरांच्या तापाचा व्हायरस असेल का अशीही एक कल्पना छापून आली.

पण १९८२ च्या जुलैत तीन हिमोफिलियाच्या पेशंटना तोच आजार झाल्याची नोंद आली. ही माणसं रक्त गोठण्यासाठी इतरांच्या रक्तापासून बनवलेलं औषध घेत होती, पॉपर्स वगैरेचा संबंध नाही. मग रक्त घेतलेले लोक, सुयांनी नशा करणारे, बाधित आयांची बाळं. लैंगिक संबंध, रक्त आणि आईकडून बाळाला हे तिन्ही रस्ते एकत्र बघितले की रक्तातून जाणारा एकच जंतू असणार हे व्हायरस सापडायच्या आधीच साथरोगवाल्यांना दिसायला लागलं होतं. व्हायरस १९८३ ला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला. त्याबद्दल फ्रांस्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँटान्ये यांना २००८ चं नोबेल मिळालं.

प्र. मग एकट्या एचआयव्हीनेच एड्स होतो हे कशावरून?

मला स्वतःला पटलेले दोन पुरावे सांगतो, दोन्ही साधे आहेत, लॅबमधलं काही कळायची गरज नाही.

पहिला कॅनडातल्या व्हँकुव्हरचा. ७१५ समलिंगी पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, त्यातले ३६५ एचआयव्ही पॉझिटिव्ह आणि ३५० निगेटिव्ह. दोन्हीकडे पॉपर्स घेणारे होते, गुप्तरोग होऊन गेलेले होते, राहणीमान साधारण सारखं. १३६ जणांना एड्स झाला आणि ते १३६ च्या १३६ पॉझिटिव्ह गटातले. निगेटिव्हमध्ये एकही नाही. १९९३ ला हे छापून आलं.

दुसरा ब्रिटनमधल्या हिमोफिलियाच्या पेशंटचा, आणि हा तर निसर्गानेच लावून दिलेला प्रयोग होता असं म्हणावं लागेल. तीव्र हिमोफिलिया असलेली सगळी माणसं, सगळ्यांना तशीच इंजेक्शनं, त्या इंजेक्शनांतून हेपटायटिस वगैरे बाकीचे जंतूही दोन्ही गटांत पोचलेले. फरक इतकाच की काहींच्या वाट्याला एचआयव्ही असलेली बाटली आली आणि काहींच्या नाही. ज्यांना एचआयव्ही लागला नाही त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी ८ होतं आणि तेवढंच राहिलं. ज्यांना लागला त्यांच्यात ते १९९१-९२ पर्यंत हजारी ८१ वर गेलं. सोबती जंतू दोन्ही पारड्यात सारखे, मग दहापट फरक कशाने पडला? हा प्रश्न मी व्हिडिओ पाठवणाऱ्यांना विचारतो, अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही.

प्र. खुद्द माँटान्ये म्हणाले होते की एचआयव्हीला सोबती लागतो, ते?

म्हणाले होते. १९९० च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एड्स परिषदेत त्यांनी मायकोप्लाझ्मा या बारक्या जिवाणूबद्दल हा अंदाज मांडला. त्याच सुमाराला अमेरिकन लष्कराच्या पॅथॉलॉजी संस्थेतल्या एका संशोधकालाही एड्सच्या पेशंटमध्ये मायकोप्लाझ्मा सापडला होता. एचएचव्ही-६ हा व्हायरस १९८६ मध्ये रॉबर्ट गॅलो या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये सापडला, तोही सीडी४ पेशींमध्ये, म्हणजे एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये शिरतो म्हणून त्याच्यावरही संशय. काचेच्या नळीत दोघांनीही थोडेफार रंग दाखवले. पण साथीच्या आकड्यांत काही उमटलं नाही. एचएचव्ही-६ तर जवळपास प्रत्येकाला लहानपणी दोन वर्षांच्या आत होऊन जातो, मग ज्याला एड्स झाला आणि ज्याला नाही यांच्यातला फरक तो कसा सांगणार? नोबेल मिळालेला माणूस बोलला म्हणजे ते सिद्ध झालं असं नसतं, तपासायला लागतं, आणि ते तपासलं गेलं.

प्र. म्हणजे कोफॅक्टरची एकही कल्पना खरी निघाली नाही?

निघाली की! आणि ती गोष्ट मला फार आवडते. कापोसी सार्कोमा नावाचा कॅन्सर आहे, अंगावर जांभळे डाग उठतात, अमेरिकेत सुरुवातीला एड्सची ओळखच ती होती. पण आकडे जुळत नव्हते. एड्स झालेल्या समलिंगी पुरुषांपैकी २१ टक्के लोकांना कापोसी होता आणि हिमोफिलियातून एड्स झालेल्यांत फक्त १ टक्का. दोघांचीही प्रतिकारशक्ती एचआयव्हीनेच खाल्लेली, मग हा फरक का? १९९० मध्ये साथरोगवाल्यांनी नुसत्या आकडेमोडीवरून सांगितलं की लैंगिक संबंधातून जाणारा आणि रक्तातून सहसा न जाणारा दुसरा एखादा जंतू असला पाहिजे. कुणी तो बघितलेला नव्हता. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवरा-बायकोने तो शोधून काढला, हर्पिसच्या कुटुंबातला आठवा, एचएचव्ही-८. आपल्याकडे तो व्हायरस कमी असल्याने कापोसीही क्वचित दिसतो, मी इतक्या वर्षांत एकच पेशंट पाहिलाय.

म्हणजे दोन व्हायरस मिळून आजार करतात ही कल्पना चुकीची नव्हती. ती एका विशिष्ट कॅन्सरला लागू पडली, सगळ्या एड्सला नाही.

प्र. गरमी, परमा असेल तर एचआयव्ही लवकर लागतो हे खरं का?

खरं. माझं रोजचं काम हेच आहे म्हणून जरा सविस्तर.

गरमी म्हणजे सिफिलिस, त्यात जखम होते आणि बऱ्याचदा ती दुखत नाही, त्यामुळे माणूस येतच नाही. जखम म्हणजे कातडीला पडलेलं दार. पण नुसतं दार नाही, शरीर त्या जखमेकडे लढायला पेशी पाठवतं आणि त्यातल्या बऱ्याचशा सीडी४ असतात, म्हणजे एचआयव्हीला ज्या पेशी हव्या असतात त्याच आपण दारात आणून उभ्या करतो. परमा म्हणजे गनोरिया, त्यात जखम नसते, पू येतो, पण तिथेही सूज आणि तीच गर्दी. नैरोबीत १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात जननेंद्रियावर जखम असलेल्या पुरुषांना एचआयव्ही किती वेगाने लागतो ते पहिल्यांदा नीट दिसलं.

उलट बाजूनेही तसंच. ज्याला आधीच एचआयव्ही आहे आणि वर परमा झाला त्याच्याकडून दुसऱ्याला जास्त सहज लागतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात १९९७ मध्ये मोजून बघितलं, लघवीच्या जागेतून पू येणाऱ्या पॉझिटिव्ह पुरुषांच्या वीर्यात एचआयव्हीचं प्रमाण इतरांच्या आठपट होतं. रक्तातलं प्रमाण मात्र दोघांचं सारखंच. आणि अँटिबायोटिक दिल्यावर दोन आठवड्यांत वीर्यातलं प्रमाण खाली आलं. एचआयव्हीचं एकही औषध न देता!

आपल्याकडे पुण्याचं काम या विषयात जगभर माहितीये. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, सगळे तिला नारी म्हणायचे, आता नाव बदललंय. शहरातल्या गुप्तरोगाच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या लोकांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि ज्यांना एचएसव्ही-२, म्हणजे जननेंद्रियाचा हर्पिस, नुकताच झालाय त्यांना एचआयव्हीचा धोका जास्त असतो हे दाखवलं. जुन्यापेक्षा ताजा जास्त धोक्याचा.

आमच्याकडे औषधं रंगीत पाकिटांत येतात. पू असेल तर राखाडी किट, जखम असेल आणि हर्पिस वाटत नसेल तर पांढरं, हर्पिस वाटला तर लाल. रिपोर्टची वाट न बघता लक्षणावरून तिथल्या तिथे द्यायचं. जुने पेशंट तर खिडकीशी येऊन "ते राखाडीवालं द्या ना सर" म्हणतात. बायकोसाठी दुसरं पाकीट नेतात आणि घरी काय सांगतात माहितीये? ॲसिडिटीच्या गोळ्या. यावर मी रोज डोकं फोडतो.

प्र. मग सगळ्यांचे गुप्तरोग बरे केले की एचआयव्ही आपोआप कमी होणार?

असंच वाटलं होतं सगळ्यांना. १९९५ मध्ये टांझानियातल्या म्वांझा भागातून बातमी आली की सरकारी दवाखान्यांत लक्षणांवरून गुप्तरोगाचे चांगले उपचार सुरू केले त्या गावांत नवीन एचआयव्ही सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. आपले रंगीत पाकिटवाले उपचार याच विचारातले. आणि मग १९९९ मध्ये शेजारच्या युगांडातल्या राकाई जिल्ह्याचा निकाल आला, तिथे तर लक्षण असो नसो, गावातल्या सगळ्यांना दर दहा महिन्यांनी औषध दिलं होतं. फरक शून्य. अगदी शून्य.

का ते अजून चघळलं जातं. म्वांझात साथ तुलनेने नवीन होती, तेव्हा मोजक्या लोकांकडून पसरत होती, तिथे सोबत्याला अडवलं की फरक पडतो. राकाईत एचआयव्ही आधीच घराघरात शिरलेला होता, नवरा-बायकोमध्ये रोजचा संबंध असताना गरमीची जखम असो नसो, लागायचा तो लागतच होता. शिवाय म्वांझात दुखलं की दवाखाना उघडा, राकाईत दहा महिन्यांतून एकदा, मधल्या काळात पुन्हा झालं तर कोण बघणार. आणि राकाईत बऱ्याचशा जखमा हर्पिसच्या होत्या, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

मग म्हटलं हर्पिसचंच औषध देऊन बघू. ॲसिक्लोव्हिर दिवसातून दोनदा, तीन हजारांहून जास्त जोडपी, आफ्रिकेतले सात देश, जोडप्यातला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. निकाल २०१० मध्ये छापला. जखमा ७३ टक्क्यांनी कमी झाल्या, रक्तातला एचआयव्हीही थोडा उतरला, पण जोडीदाराला लागण होण्यात फरक नाही. दरम्यान २००९ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या संशोधकांनी हर्पिस बरा झालेल्या जागेचे बारीक तुकडे काढून तपासले होते. कातडी वरून एकदम साफ, पण खाली सीडी४ पेशींचा घोळका आठवडेच्या आठवडे तसाच बसलेला, ॲसिक्लोव्हिर चालू असतानासुद्धा. आग विझली पण बघ्यांची गर्दी पांगलीच नाही म्हणा ना.

म्हणून सोबती खरा असला तरी त्याला काढलं की एचआयव्ही जाईल असं धरून चालता येत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट ही आहे.

प्र. नागीण म्हणजे हर्पिसच ना? मला नागीण झाली होती, मग?

घाबरू नका. नागीण वेगळी. ती कांजिण्यांचाच व्हायरस पुन्हा जागा झाला की होते, लैंगिक संबंधातून येत नाही. मात्र तिशी-पस्तिशीच्या आतल्या माणसाला नागीण झाली तर आम्ही एचआयव्ही टेस्ट करून घ्यायला सांगतो, कारण प्रतिकारशक्ती कमी झाल्याची ती कधीकधी पहिली खूण असते. आणि नागिणीची तोंडं जुळली की माणूस मरतो वगैरे काही नसतं.

प्र. टीबीचं काय?

भारतात खरा जोडीदार हाच. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो, आयुष्यभरात त्यातल्या पाच-दहा टक्क्यांनाच आजार होतो. एचआयव्ही असेल आणि औषध चालू नसेल तर तोच धोका साधारण दहा टक्के, पण दर वर्षाला. टीबीही उलटा मदत करतो, कारण तो सीडी४ पेशींना सतत चिथावत ठेवतो आणि चिथावलेल्या पेशीत एचआयव्ही जास्त जोमाने वाढतो. २०२३ मध्ये जगात एचआयव्हीशी संबंधित सुमारे ६ लाख ३० हजार मृत्यू झाले आणि टीबीने गेलेल्या एचआयव्हीच्या पेशंटचा आकडा त्याच वर्षी १ लाख ६१ हजार होता. म्हणून एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, दर भेटीत विचारतात, खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का. लोक कंटाळून चारही प्रश्नांना एकदमच "नाही" म्हणतात.

प्र. मलेरिया, जंत यांनीही एचआयव्ही वाढतो म्हणे?

मलेरियाचा ताप असताना रक्तातला एचआयव्ही काही काळ वर जातो, हेही मलावीतच दिसलं. झिम्बाब्वेत ज्या बायकांच्या जननमार्गात शिस्टोसोमा या जंताने जखमा केल्या होत्या त्यांच्यात एचआयव्ही सुमारे तिप्पट आढळला. हा जंत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून येतो, धुणं धुताना पाण्यात उभं राहिलं की कातडीतून शिरतो. आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच, अपवाद एकच प्रसिद्ध, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी गाव, तिथे १९५० च्या दशकात तो सापडला होता. एचआयव्हीशी त्या गावाचा काही संबंध नाही, उगाच नाव जोडू नका.

प्र. असा एखादा जंतू आहे का जो एचआयव्हीला उलट आवरतो?

हा प्रश्न एका कॉलेजच्या पोराने विचारला होता, मला वाटलं थट्टा करतोय. पण आहे. जीबी-सी नावाचा एक निरुपद्रवी व्हायरस आहे, तो अंगात असलेले एचआयव्हीचे पेशंट जास्त जगतात असं २००१ मध्ये दोन अभ्यासांत दिसलं. गोवर अंगावर असताना मुलांच्या रक्तातला एचआयव्ही तात्पुरता खाली जातो. आणि स्क्रब टायफस, जो विदर्भातल्या लोकांना चांगलाच माहितीये, त्याच्या तापात थायलंडमधल्या काही पेशंटचा एचआयव्ही उतरलेला दिसला. म्हणून कुणी मुद्दाम गोवर लावून घेऊ नका, गोवराने पोरं मरतात.

प्र. सुंता केलेल्यांना कमी लागतो हे खरं की धार्मिक प्रचार?

खरं. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन मोठ्या चाचण्यांत पुरुषांचा धोका ५० ते ६० टक्के कमी झाला. पुण्याच्या अभ्यासातही सुंता झालेल्यांना एचआयव्ही कमी लागला, पण गरमी, परमा किंवा हर्पिसमध्ये तसा फरक दिसला नाही. त्यावरून कळतं की हे वागणुकीमुळे नाही, पुढच्या त्वचेच्या आतल्या बाजूला एचआयव्हीला हव्या त्या पेशी असतात म्हणून.

प्र. हे सगळं बाहेरख्याली लोकांचं, घरातल्या बाईला काय त्याचं?

हा प्रश्न विचारणारे पुरुषच असतात हे नोंदवून ठेवतो. पुण्यातल्याच गुप्तरोगाच्या क्लिनिकमध्ये १९९३ ते १९९६ दरम्यान आलेल्या बायकांचा अभ्यास १९९७ मध्ये छापला. वेश्याव्यवसायातल्या बायकांत निम्म्या पॉझिटिव्ह, हे अपेक्षित होतं. पण ज्या त्या व्यवसायात नव्हत्या, बहुतेक लग्न झालेल्या, एकच जोडीदार, म्हणजे स्वतःचा नवरा, त्यांच्यातही १३.६ टक्के पॉझिटिव्ह. त्यांचा कोफॅक्टर नवऱ्याने आणलेला गुप्तरोग. ॲसिडिटीच्या गोळ्यांवर मी का चिडतो ते आता कळलं असेल.

प्र. भारतातले आकडे फुगवलेले होते ना?

फुगवलेले नाही, मोजायची पद्धत तोकडी होती. आधी मुख्यतः गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या क्लिनिकमधल्या लोकांवरून देशाचा अंदाज काढायचे. घरोघरी जाऊन केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रक्त तपासल्यावर २००७ मध्ये आकडा ५० लाखांच्या वरून २५ लाखांच्या आसपास आला. आजही तो साधारण तेवढाच आहे आणि राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर.

प्र. औषधं नीट चालू असतील आणि मध्येच परमा झाला तर जोडीदाराला लागेल का?

रक्तातला व्हायरस दाबलेला असेल तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही लागत नाही. २०११ च्या एका मोठ्या चाचणीत, जिच्यात पुण्याची नारीही होती, लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. २०१९ मध्ये युरोपातल्या समलिंगी जोडप्यांचा निकाल आला, कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आणि जोडीदाराकडून लागण शून्य. त्या काळात त्यातल्या बऱ्याच जणांना मध्येमध्ये दुसरे गुप्तरोग झालेही होते, तरी शून्य. परमा मात्र लागेल, त्यासाठी या, राखाडी पाकीट तयार आहे.

प्र. मग एचआयव्ही नसतोच म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी अशा लोकांचं ऐकलं आणि औषधं उशिरा दिली. २००० ते २००५ मध्ये त्यापायी ३ लाख ३० हजारांहून जास्त माणसं गेली असा नंतर हार्वर्डच्या संशोधकांनी हिशोब काढला. मी वाद घालत नाही, हा आकडा सांगतो.

प्र. टेस्ट कुठे करायची आणि सोबत आणखी काय तपासायचं?

सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट, चिठ्ठी लागत नाही, नाव बाहेर जात नाही, २०१७ चा कायदाच तसा आहे. काही विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फ्री आहे. आल्यावर सिफिलिसची टेस्टही मागा, बोटाच्या टोकातून एक थेंब, त्याच बैठकीत होते. गरोदर असाल तर मागावीही लागत नाही, दोन्ही करतात. जखम असेल तर क्रीम लावून येऊ नका, काही दिसत नाही मग, आणि बायकोला किंवा नवऱ्याला बरोबर आणलंत तर रांगेतून आधी आत घेतो.